नावगाव विचारणारी वेबसाइट

गोंदियाच्या बाजारात त्या कापडाच्या दुकानावरून जायची वेळ आली की मी अजूनही रस्ता बदलते. भीतीने नाही हो, रागाने. वरच्या मजल्यावर ज्याचं ऑफिस होतं तो माणूस आता तिथे नाही, बोर्डही दुसराच लागलाय, तरी तो जिना दिसला की माझं डोकं तापतं. माझ्या वहिनीचं राहतं घर, तिचा धंदा, तिचा स्वतःवरचा विश्वास, सगळं त्या माणसाने लिहून ठेवलेल्या दोन ओळींपायी गेलं. दोन ओळी! मी शाळेत मराठी शिकवते. दोन ओळी कमी लिहिल्या म्हणून मी पोरांचे मार्क कापले आहेत, पण दोन ओळी जास्त असल्या म्हणून कोणाचं घर जातं हे मला माहीत नव्हतं.

आधीपासून सांगते. आमचं घर बिरसीजवळच्या एका खेड्यातलं. धानाची शेती, भरलेलं कुटुंब, रीतभात सांभाळणारं पोवारांचं घर. आम्ही तीन भावंडं. थोरला दादा, मधला भाऊ आणि शेवटची मी. नोकरीमुळे मी आमगावला राहते, सुट्टी लागली की गावी. बिरसीच्या विमानतळाची धावपट्टी मोठी करायचं काम निघालं तेव्हा भाऊ तिथे मुकादम होता. पुढे तिथे विमान चालवायचं शिकवणारी शाळा आली. कुठून कुठून पोरंपोरी यायला लागल्या आणि भाऊच्या डोक्यात आलं की यांचे आईबाप भेटायला येतील ते राहतील कुठे? त्याने सडकेला लागून चार खोल्या बांधल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्यांना दोघांना राहायला एक खोली. पोरगी लग्न होऊन भिलाईला गेलेली, त्यामुळे दोघांचाच संसार. जागा मात्र सामाईक आणि सातबारा दादाच्या नावावर, कारण तो थोरला. कागदावर भाऊचं नाव यायला पाहिजे असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. खोल्या उभ्या राहून वर्ष व्हायच्या आत भाऊ काविळीने गेला.

सगळ्यांना वाटलं आता वहिनी दादाकडे मोठ्या घरात येईल आणि मागच्या खोलीत बसेल. ती नाही आली. तेराव्याचे पाहुणे गेले, त्याच आठवड्यात तिने चारही खोल्या झाडून, पुसून घेतल्या. पहिला पाहुणा जयपूरचा होता. बिचाऱ्याला सकाळ-संध्याकाळ भात खायची सवय नव्हती, तर वहिनीने त्याच्यासाठी पोळ्या लाटल्या आणि तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "बहनजी, वही चावल दे दो, खुशबूवाला." चिन्नोरच्या भाताचा वास नाकात बसला होता त्याच्या. असे चहाच्या टपरीवर विचारत विचारत लोक येत, आणि वहिनीचं भागत होतं. कोणापुढे हात पसरायचा नाही, आपल्या घरात आपल्या मनाने राहायचं, एवढंच तिला पाहिजे होतं. जास्तीचं काय मागितलं होतं तिने?

मग सुरतेची एक बाई आली. जाताना म्हणाली, "आप नेट पर क्यों नहीं हो? मैं दो दिन गोंदिया के होटल में फालतू पड़ी रही. पता होता तो सीधे यहीं आती." तेव्हा २०१० च्या आगेमागे सगळ्यांनाच नेटचं वेड लागलं होतं. मी नोकरीसाठी सक्तीचा असलेला संगणकाचा कोर्स पास झालेली, त्यामुळे घरात त्या विषयातली विद्वान मीच. मी ठरवलं, वहिनीची वेबसाइट काढायची.

दादाला विचारल्याशिवाय आमच्याकडे विहिरीला नवा दोरही येत नाही. दादा ओसरीवर बसला होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "टाकाचं असंल त टाका नेटवर. पन बाईमानूस एकटी राहून राहिली तिथं. कोनीबी उठला आन् घरात डोकावला, असं नाई पाह्यजे. आंधी नाव सांग, गाव सांग, नंबर दे, मंग पाह्य काय पाह्याचं ते."

आता हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण आमच्याकडची रीतच ती. अनोळखी माणूस आला की त्याला ओसरीवर बसवायचं, लोटाभर पाणी द्यायचं आणि विचारायचं, "कोन्या गावचे? कोनाचे?" तो गाव सांगतो, आडनाव सांगतो, बोलता बोलता त्या गावात आपला कोणीतरी साडू नाहीतर मामेसासरा निघतो, आणि मग तो माणूस घरात. नावगाव न सांगता आत घुसेल तो चोर तरी किंवा वसुलीवाला तरी. तेव्हा दादाचं म्हणणं मला पटलं. नुसतं पटलं नाही, मला त्याचं कौतुक वाटलं. हे मी लपवत नाही, कारण पुढे ज्याच्यावर मी तोंड सोडणार आहे त्याने हेच माझ्या तोंडावर फेकलं.

कापडाच्या दुकानावरचा तो वेबसाइटवाला तिशी-पस्तिशीचा होता. गळ्यात एक नाही, दोन पेनड्राइव्ह लटकवलेले. मला पहिल्या वाक्यापासून मॅडमजी. मी दादाची अट सांगितली तर म्हणाला, "हो जाएगा मॅडमजी, एकदम सेक्युअर बना देंगे." महिनाभराने संक्रांतीच्या सुमारास त्याने दाखवली, आणि खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. आधी एक विमान उडत यायचं. मग एक चौकोन यायचा, त्यात नाव, गाव, मोबाइल नंबर आणि येण्याचं कारण भरायचं. ते भरलं की मग आतमध्ये आमच्या खोल्या, अंगण, जेवणाचं ताट, आणि दारात पदर डोक्यावर घेतलेली वहिनी. मजकूर मी लिहिला होता, एकही चूक नाही. दादा मुद्दाम माझ्याबरोबर आला होता पाहायला. त्याने स्वतःचं नाव आणि गाव भरलं, आतल्या खोल्या दिसल्या, आणि मान हलवून म्हणाला, "हे बराबर झालं."

निघताना मी विचारलं होतं. हे मला नीट आठवतं, कारण मी जिन्यावरून दोन पायऱ्या परत चढून विचारलं. "लोकांनी शोधलं तर सापडेल ना?" तो हसला. "अरे मॅडमजी, पूरी दुनिया देखेगी."

पूरी दुनिया! वा रे वा!

होळी गेली, पोळा गेला. नेटवरून एक फोन नाही. मी शाळेच्या संगणकावर आठवड्यातून एकदा वेबसाइटचा पत्ता टाइप करायची, विमान उडत यायचं, मी माझंच नावगाव भरायची आणि समाधानाने म्हणायची, चालू आहे. आता स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. ज्याला पत्ता आधीच पाठ आहे त्याला घर सापडलं यात कसली आली परीक्षा? ज्याला आपलं नावही माहीत नाही त्याने नुसतं 'बिरसीजवळ खोली' असं विचारलं तर आपण दिसतो का, हे पाहायचं होतं. ते माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, आणि म्हणे संगणकाचा कोर्स पास.

इकडे टपरीवर विचारणारेही कमी व्हायला लागले. लोक आता घरूनच नेटवर हॉटेल पाहून, ठरवून येत. गोंदिया स्टेशनवर उतरले की गाडीत बसत आणि सरळ वहिनीच्या दारावरून विमानतळाकडे. वहिनी दारात उभी राहून त्या गाड्या पाहायची. दर रविवारी चारही खोल्यांच्या चादरी बदलायची, कोणी झोपलेलं असो की नसो. मी म्हटलं, "वहिनी, काऊन धुता या? कोणी वापरल्याच नाही." तर म्हणाली, "कोनी आलं आन् वास आला त?"

त्या दिवाळीला दादाने पहिल्यांदा विषय काढला. गोंदियाच्या एका धानाच्या व्यापाऱ्याला सडकेवर गोदाम पाहिजे होतं. चार खोल्या, पक्कं छत, ट्रक दारापर्यंत येतो, त्याला आणखी काय हवं? दादा म्हणाला, "यंदा राहू द्या. पुढच्या दिवाळीपावेतो खोल्या चालल्या त चालल्या. नाई त त्यात धान भरू. तिनं मोठ्या घरी यावं, मागची खोली रिकामीच हाय." तो दुष्ट नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याच्या दृष्टीने तो वहिनीला आसराच देत होता. पण त्या मागच्या खोलीत जाणं म्हणजे काय ते बायकांनाच कळतं. उठता बसता कोणाला तरी विचारायचं, आणि आपल्या हाताची चवही दुसरीच्या चुलीवर विरून जायची.

म्हणजे आता वहिनीकडे एक वर्ष होतं. ते वर्ष कसं गेलं ते आठवलं की मला बसवत नाही. बाहेरून कारण कळेना तेव्हा वहिनी कारण स्वतःत शोधायला लागली. आधी तिला वाटलं जेवण. लाखोळीची डाळ बंद केली, तूरडाळ आणली. मग वाटलं मोरी. मोरीला नव्या फरशा आल्या. मग एका सुट्टीत मी गेले होते, तर भाजी निवडता निवडता मान खाली घालून म्हणाली, "बाई, त्या वेबसाइटवरचा माझा फोटो काढाले सांगा जी."

"काऊन? चांगला आहे फोटो."

"चांगला हाय. पन असं उघडं कपाळ पाहून कोन येईन राहाले? लोक चांगल्या कामाले येतेत, लेकरं पयल्यांदा विमान उडवतेत त्याइचे. दारातच असं दिसलं त मन खट्टू होत असंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, वहिनी, असं पुन्हा बोलाल तर मी तुमच्या घरी पाणी पिणार नाही. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाली. शेवटी मी हरले. गोंदियाला फोन लावला, कारणही सांगितलं त्या माणसाला. सगळं सांगितलं, की लोक येत नाहीत म्हणून बाई स्वतःचा फोटो काढायला सांगते आहे. त्याने दुसऱ्याच दिवशी फोटो काढून तिथे विमानतळाचा लावला. तेवढं काम मात्र झटपट.

माझा खरा राग इथे आहे. बाकीचं मी एक वेळ गिळलं असतं. पण त्या दिवशी त्याला माहीत होतं. माहीत नसेल तर तो धंद्यात कशाला बसला? तो फोटो जगात कोणीही पाहिलेला नाही, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याने नाही सांगितलं. "जी मॅडमजी" म्हणाला आणि एका विधवेला तिचं कपाळ पुसू दिलं, दुसऱ्यांदा.

दसऱ्याच्या आधी आठ-दहा दिवस नागपूरची एक बाई राहायला आली. तिची पोरगी विमानाच्या शाळेत होती आणि स्वतः ती कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत. टपरीवाल्याने पाठवलं म्हणून आली, नाहीतर तीही दारावरूनच गेली असती. मीही तेव्हा गावीच होते. दुपारी जेवून ती खोलीबाहेरच्या पडवीत लॅपटॉप घेऊन बसली आणि म्हणाली, "ताई, इतकी चांगली जागा, पण नेटवर काहीच नाही तुमचं."

"असं कसं नाही? वेबसाइट आहे की!" मी जरा तोऱ्यातच पत्ता सांगितला. विमान उडत आलं. चौकोन आला. ती चौकोनाकडे पाहत राहिली. मग तिने दुसरीकडे, शोधायच्या जागेवर, आमच्या जागेचं अगदी अख्खं नाव लिहिलं. खाली पन्नास गोष्टी आल्या. रांचीचं एक हॉटेल आलं, कोणाचं तरी लग्नाचं कार्ड आलं. आम्ही नव्हतो.

मग तिने जे समजावलं ते तिच्यासारखंच साध्या शब्दांत सांगते. शोधून देणाऱ्या कंपन्यांची एक यंत्रणा असते, तिला क्रॉलर म्हणतात. ती रात्रंदिवस एका वेबसाइटवरून दुसऱ्या वेबसाइटवर जात असते, प्रत्येक पान वाचते आणि काय वाचलं ते नोंदवून ठेवते. कोणी काही शोधलं की त्या नोंदींतून उत्तर मिळतं. जे पान तिने वाचलंच नाही, ते शोधणाऱ्यासाठी नाहीच. "आता हे यंत्र तुमच्या दारात आलं, ताई," ती चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "पण ते काही नावगाव सांगत नाही. फॉर्म भरत नाही. दार बंद दिसलं की परत जाते."

मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी चहाचे कप घेऊन उभी होती.

"आणि दारापर्यंतही ते येत नसेल म्हणा," ती बाई म्हणाली. तिने आमच्या पत्त्यापुढे काहीतरी लिहिलं आणि पांढरंशुभ्र पान उघडलं. त्यावर फक्त दोन ओळी. पहिल्या ओळीत होतं की ही सूचना सगळ्या यंत्रांसाठी आहे. दुसरीत होतं की कुठल्याच पानावर येऊ नये. "साइट बनत असते तेव्हा ही अशी पाटी लावतात. अर्धवट काम कोणी वाचू नये म्हणून. काम झालं की काढायची. यानं काढलीच नाही."

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून असेल."

संक्रांत, आणि तिच्यावरची संक्रांत, आणि आता दसरा. पावणेदोन वर्षं. पावणेदोन वर्षं आम्ही दिवा लावून, चादरी बदलून बसलो होतो, आणि बाहेर पाटी होती की इकडे फिरकू नका!

वहिनीने कप खाली ठेवले. "म्हंजे माझा फोटो कोनी पाह्यलाच नाई?"

"नाही हो काकू," नागपूरची बाई म्हणाली. तिला फोटोचं काहीच माहीत नव्हतं. वहिनी आत गेली. मी मागोमाग गेले तर ती स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, पदर तोंडाशी धरून. रडत होती की नाही कोण जाणे. मला म्हणाली, "तुम्ही जा बाई, ते पाहुनी एकटी हाय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी गोंदिया गाठलं. दुकानवाला शटर वर करत होता आणि मी जिन्यावर बसलेली. तो माणूस अकराला आला, गळ्यात तेच दोन पेनड्राइव्ह. मी त्या दोन ओळी वहीच्या पानावर उतरवून नेल्या होत्या. पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वाचलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय आलं सांगू? कंटाळा आला.

"वो रह गया होगा, मॅडमजी."

"रह गया? दोन वर्षं होत आली! आणि हा नावगावाचा फॉर्म? यंत्र तो भरत नाही हे तुला माहीत होतं की नव्हतं?"

"आपने ही तो बोला था, बिना पहचान के कोई अंदर न आए. कस्टमर जो बोले, हम वही करते हैं."

"अरे, आम्ही गावातली माणसं आहोत! आम्ही माणसांबद्दल बोललो होतो! तुला कळत होतं ना त्यातलं? मग तेव्हा तोंड शिवलं होतं तुझं? मिस्त्रीला खिडकी नको म्हटलं तर तोही विचारतो, बाई, उजेड कुठून येईल. तू एवढंही बोलला नाहीस. उलट म्हणालास, पूरी दुनिया देखेगी. बोल, म्हणाला होतास की नाही?"

तो म्हणाला, सर्चचं पॅकेज वेगळं असतं, ते तुम्ही घेतलंच नव्हतं. ते कधी सांगितलंस विचारलं तर छताकडे पाहायला लागला. मग म्हणाला, आज नहीं होगा, सर्वर का इशू है. मी स्टूल ओढलं आणि त्याच्या टेबलासमोर बसले. म्हटलं, मी मास्तरीण आहे, वीस वर्षं पोरांच्या सबबी ऐकल्या आहेत, चाल, काढ ती पाटी माझ्यासमोर, आणि तो फॉर्मही काढ. दोन गिऱ्हाइकं आली, मला पाहून गेली. मग मात्र त्याचा सर्वर एकदम बरा झाला. पाटी काढायला त्याला दोन मिनिटं लागली आणि फॉर्म काढायला दहा. मी घड्याळ पाहत होते. या बारा मिनिटांसाठी वहिनीने मोरीच्या फरशा बदलल्या होत्या.

परत आले ती जिंकल्यासारखी. आणि तिथे माझी चूक झाली. फॉर्म काढताना मी दादाला विचारलं नव्हतं. आधी त्याच्याजवळ बसून, जसं नागपूरच्या बाईने मला समजावलं तसं शांतपणे समजावलं असतं, तर कदाचित त्याने ऐकलं असतं. पण माझ्या तोंडाला कुठे दम! मी ओसरीवर पाय ठेवता ठेवताच ओरडले, "काढून टाकलं मी ते तुझं फाटक! त्याच्यामुळेच झालं सगळं!"

दादा थंडपणे म्हणाला, "मले न इचारता काढलं? घर मोकळं टाकून आली?"

"घर नाही दादा, फोटो आणि पत्ता! ते यंत्राला वाचू द्यावं लागतं, तेव्हा लोकांना सापडतं! आता एक-दोन महिन्यांत फोन येतील, ती बाई म्हणाली आहे. तेवढं थांब."

"दिवाळीपावेतो म्हनलो होतो. व्यापाऱ्याले शब्द देऊन बसलो. धान कापनीले आला, तो कोनासाठी थांबून राहत नाई."

वहिनी दाराआड उभी होती. आमच्याकडे भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, सून बोलत नाही. तिला काही सांगायचं असलं तर ती दाराआडून मला सांगणार आणि मी ते मोठ्याने दादाला सांगणार, जरी त्याला सगळं ऐकू येत असलं तरी. त्या दिवशी वहिनी हळूच म्हणाली, "त्याइले म्हना, होळीपावेतो राहू द्या." मी म्हटलं, "होळीपर्यंत राहू दे म्हणते वहिनी." दादाने दाराकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "तिले सांग, शब्द गेला." तीन हातांच्या अंतरावरची दोन माणसं, आणि मधे मी पोस्टमन. माझा जीव असा जळला म्हणून सांगू!

भाऊबीजेला मी दादाला ओवाळायला गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्याच आठवड्यात वहिनीच्या चारही खोल्यांत छतापर्यंत पोती लागली. तिच्या चादरी गाठोड्यात बांधून मोठ्या घराच्या मागच्या खोलीत गेल्या, आणि त्यांच्यामागून ती.

मग काही दिवसांनी, मला वाटतं कार्तिकी पौर्णिमा झाली होती, वहिनीचा आमगावला फोन आला. आवाज वेगळाच. "बाई, आज एक फोन आला होता. केरळकडचा कोनी होता. म्हने नेटवर पाह्यलं, पोराले भेटाले येऊन राहिलो, खोली हाय का?"

"मंग? काय म्हटलं तुम्ही?" मी विचारलं.

"म्या नाई म्हनलं," ती म्हणाली. "पन बाई, आता त कळलं ना. माझ्यात खोट नोहोती." आणि तिला हे सांगताना आनंद झाला होता हो. घर गेलं आणि तिला आनंद कशाचा, तर आपण अपशकुनी नाही याचा. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून त्या माणसाला, दादाला आणि स्वतःला, जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या घातल्या.

त्यानंतर फोन येतच राहिले. आठवड्यात तीन, कधी चार. भुवनेश्वरवरून, भोपाळवरून, एकदा तर एका आईचा, जिला आठ दिवस राहायचं होतं. प्रत्येक वेळी वहिनी नाही म्हणायची. मला ते सहन होईना. नाताळच्या सुट्टीत मी गावी गेले, पहिल्यांदा मागच्या खोलीत वहिनीजवळ बसले आणि म्हटलं, "ती वेबसाइट मी बंद करून टाकते. कायले रोज उठून जिवाला त्रास?"

"राहू द्या बाई."

"अहो पण कायले?"

तेवढ्यात फोन वाजला. वाजत होता पुढे, ओसरीवर. वहिनीने आपला मोबाइल तिथे दादाच्या बाजेजवळच्या खिडकीत ठेवला होता. दादा बाजेवर बसला होता. फोन वाजत राहिला. वहिनी जागची हलली नाही. मी उठायला लागले तर तिने माझा हात धरून खाली बसवलं.

"वाजू द्या," ती म्हणाली. "आयकू येऊ द्या त्याइले."

फोन थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. आता ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि ओसरीवर गेली. मी मागे दारात उभी राहिले. दादा मान खाली घालून तंबाखू मळत होता. वहिनीने फोन उचलला आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून भासऱ्यासमोर ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली.

"हाँ जी, कमरे थे. चार थे. अभी उसमें धान भरा है."

पलीकडून, खोल्या रिकाम्या करता येतील का, असं विचारलं असावं. वहिनी म्हणाली, "मेरे हाथ में नहीं जी, जिसने भरा वो यहीं बैठे हैं," आणि फोन तसाच चालू दादापुढे धरला.